मजुरांच्या वस्तीत आहार आणि व्यायामाचे वर्ग घ्यायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

पांझराकाठ (धुळे):

नमस्कार. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मला धुळे शहराच्या कडेला असलेल्या एका वस्तीत सकस आहार आणि शारीरिक हालचाल या विषयावर दहा वर्ग घ्यायचे आहेत. वस्तीत साधारण साठ घरे आहेत. पुरुष हमाली किंवा गवंडीकाम करतात. बायका एरवी धुणीभांडी करतात आणि हंगाम सुरू झाला की आजूबाजूच्या गावांत कापूस वेचायला जातात. पहिल्या वर्गाला समाजमंदिरात अठरा जणी आल्या होत्या. भिंतीवर मी आहाराचा रंगीत तक्ता लावला होता आणि त्यात सफरचंद, पनीर, ब्रोकोली व दुधाचा ग्लास होता. प्रथिने, जीवनसत्त्वे, खनिजे असे सगळे समजावून झाल्यावर रोज अर्धा तास चालायला जावे, असेही मी सांगितले. तेव्हा मागे बसलेली एक मावशी म्हणाली, “बाई, आम्ही दिनभर वावरमा कापूस येचतस, आनि तुम्ही आमले फिराले सांगतस?” सगळ्या हसल्या, मीही हसले, पण दुसऱ्या वर्गाला पाचच जणी आल्या.

मुलांची अडचण वेगळी आहे. शाळा सुटली की कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच-पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटे घेऊन ती ओट्यावर बसतात आणि रात्री जेवत नाहीत, अशी आयांचीच तक्रार आहे. खेळायला मैदान नाही. एका बाजूला नाला आणि दुसऱ्या बाजूला रस्ता आहे. उरलेल्या आठ वर्गांत नेमके काय शिकवावे, याविषयी खान्देशात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सातपुड्याची सावली (नंदुरबार):

ताई, मी अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून शहादा आणि तळोदा भागात बरीच वर्षे काम केले आहे. आधी तो तक्ता गुंडाळून ठेवा. बायका कंटाळल्या म्हणून आल्या नाहीत असे मला वाटत नाही. तुम्ही त्यांची चूल पाहिलेली नाही, हे त्यांच्या लक्षात आले म्हणून त्या आल्या नाहीत. दोन आठवडे वर्ग न घेता सकाळी सहा-साडेसहाला, भाकरी थापल्या जात असताना, घरोघर जाऊन बसा. तिथे “तुम्ही काय खाता?” असे विचारू नका, कारण त्याला पाहुण्याला आवडेल असे उत्तर मिळते: वरण, भात, भाजी, पोळी. “काल रात्री काय केले होते आणि शेवटी कोण जेवले?” असे विचारा. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात भाकरी आणि ठेचा एवढेच उरलेले असते, हे तुम्हाला चार घरांतच कळेल, आणि खरे म्हणजे तुमचा पहिला वर्ग तोच आहे.

दुसरी गोष्ट रेशनची. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ असतो. अशा घराला “दादर ज्वारी खा, बाजरी खा” असे सांगणे म्हणजे फुकटचे धान्य बाजूला ठेवून महागाचे विकत घ्या, असे सांगणे होय. मीही हे कितीतरी वर्षे सांगत होते, हे कबूल करते. आपल्याकडची कळण्याची भाकरी मात्र त्यांना नवी नाही. चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद घालून दळले की झाला कळणा. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो आणि तो उडदात भरपूर असतो, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ले की अंगी जास्त लागते. हे शास्त्र आपल्या आज्यांनी नाव न घेता पाळले होते. आता तेच रेशनच्या गव्हावर चालवता येते: पाच किलोच्या दळणात अर्धा किलो हरभरा टाका, गिरणीवाला काही वेगळे पैसे घेत नाही. “कळणा माहीत आहे ना, तसाच हा गव्हाचा कळणा,” एवढे म्हटले की बायका पुढचे स्वतः सांगतात.

चहाबद्दल जरूर बोला. भाजी-भाकरीसोबतच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. तोच घोट तास-दीड तास पुढे ढकलला आणि जेवणावर लिंबू पिळले तर फायदा होतो, त्याला पैसा लागत नाही. मात्र फिकट दिसणाऱ्या प्रत्येकीला पालेभाजी आणि लोहाच्या गोळ्या सुचवू नका. तुमच्या वस्तीत भिल्ल किंवा पावरा कुटुंबे असतील तर आधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. तो आजार रक्तातला आणि आनुवंशिक आहे, आहाराने बरा होत नाही आणि अशा रुग्णाला लोह द्यायचे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

मैदानी माणूस (अमळनेर):

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे, म्हणून फक्त हालचालीविषयी लिहितो. मावशींचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते; कापूस वेचणाऱ्या बाईची तेवढी बहुधा पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत होऊन जाते. तिची गरज वेगळी आहे. दिवसभर वाकून कंबर आणि मान धरते, पाणी प्यायले जात नाही कारण शेतात आडोसा नसतो, आणि घरी आल्यावर पुन्हा पाट्यावर किंवा धुण्यावर वाकायचे असते. तिला पाठ मोकळी करण्याच्या तीन-चार हालचाली, झोळीचे ओझे एकाच खांद्यावर न घेणे आणि निघताना पाण्याची बाटली भरून घेणे एवढेच शिकवा. त्याला व्यायाम म्हणू नका, अंगदुखीवरचा उपाय म्हणा, म्हणजे त्या पुन्हा येतील.

मुलांना मात्र रोज सरासरी साठ मिनिटे दमवणारी हालचाल हवी. मैदान नाही ही अडचण मोठी वाटते, तेवढी नाही. लगोरीला सात चपटे दगड आणि एक चेंडू लागतो, लंगडीला खडूने आखलेला चौकोन पुरतो. मला खरी काळजी मुलींची वाटते. सातवी-आठवीनंतर त्या खेळातून गुपचूप गळतात. कोणी त्यांना नको म्हणत नाही, पण त्यांच्या हातात धाकटे भावंड दिले जाते. माझ्याकडे मुली खो-खोला थांबत नव्हत्या. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास झोके बांधले, फुगड्या ठेवल्या, आणि आयांनाही बोलावले. आखाजीला पोरीने झोक्यावर चढायचे नाही असे खान्देशात कोणती आई म्हणेल? त्यानंतर संध्याकाळचा पाऊण तास मुलींचा, ही गोष्ट घरांनी मान्य केली, आणि धाकट्या भावंडांना आम्ही रिंगणाच्या मधोमध बसवले. वेळ तेवढी सांभाळा: एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सकाळी आठनंतर किंवा संध्याकाळी सहाच्या आधी मुलांना उन्हात पळवू नये.

वाटीभर (जळगाव):

मी आहारतज्ज्ञ आहे. वरच्या ताईंच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, पण आपल्या पारंपरिक जेवणाचे कौतुक करताना तेल आणि मीठ विसरले जाऊ नये. शेवभाजीवरची तर्री, भरितावर सोडलेले तेल, सोबत पापड आणि लोणचे हे जेवण श्रम करणाऱ्याला एकवेळ चालेल. पण त्याच घरात रिक्षा चालवणारा किंवा रात्रपाळीला पहारेकरी असलेला माणूसही तेवढेच तेल खातो आणि चाळिशीत मधुमेह, रक्तदाब घेऊन येतो. मी वर्गात ग्रॅम सांगत नाही. माणशी रोज २० ते २५ ग्रॅम तेल धरले तर चार जणांच्या घराला महिन्याला साधारण अडीच ते सव्वातीन लिटर पुरायला हवे. बायकांना एवढेच विचारते की तेलाची पिशवी किती तारखेला संपते. मग त्या आपापसांत हिशेब करू लागतात आणि मी गप्प बसते. मिठाचेही तसेच: दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा सपाट, तो चमचा कागदावर ओतून दाखवायचा आणि पापड, शेव, लोणचे यांतले मीठही त्यातच मोजायचे, असे सांगायचे.

पाकिटांबद्दल मुलांना रागावू नका. शेंगदाण्याचा भाव किलोला दीडशे धरला तर पाच रुपयांत तीस ग्रॅमहून थोडे जास्त, म्हणजे मूठभर दाणे येतात आणि त्यांत आठेक ग्रॅम प्रथिने असतात. उकडलेल्या एका अंड्यात सहा असतात. पाकीट आणि दाणे एकाच थाळीत शेजारी ओतून ठेवा. पाकिटात हवा किती होती, हे पाहून मुलेच हसतात. केळी तर आपल्या जिल्ह्यातून देशभर जातात आणि आपल्याच वस्त्यांतल्या आया सर्दी होईल म्हणून ती मुलांना देत नाहीत. सर्दी विषाणूने होते, केळ्याने नाही. हे मात्र मला दर वर्गात सांगावे लागते आणि अजूनही निम्म्या जणींना पटत नाही.

एक सूचना: दुकानदाराला वर्गात बोलवा. तो जे पुढे टांगतो तेच मुले मागतात.

पांझराकाठ (धुळे), तीन आठवड्यांनंतर:

सर्वांचे आभार. सकाळी अकरा घरांत जाऊन बसले. सात घरांत रात्री शेवटी जेवणाऱ्या बाईला वरण उरलेले नव्हते. गव्हाच्या कळण्याचे दळण तिघींनी केले. एकीच्या सासऱ्यांना पोळी कडक लागली, म्हणून तिने हरभरा निम्म्यावर आणला आहे. पाठीच्या हालचाली शिकवल्या त्या दिवशी चौदा जणी आल्या आणि त्यांत ती मावशीही होती. तिने उठताना माझीच कंबर कशी आहे ते विचारले. झोके बांधायला झाड नाही, त्यावर काही सुचत असेल तर मैदानी माणूस दादांनी जरूर लिहावे.

दुकानदार वर्गाला आले नाहीत, पण दाणे आणि गुळाची चिक्की पुढच्या बरणीत ठेवायला तयार झाले. पहिल्या दिवशी नऊ चिक्क्या गेल्या, दुसऱ्या दिवशी दोन. आठवडाभर पाहतो, नाही खपली तर परत पाकिटेच टांगतो, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे.