रॉयल ऑपेरा हाऊस: मूळची वास्तू किती आणि पुनर्रचना किती?

गिरगावकर:
मुंबईत चर्नी रोडजवळच्या परिसराला आपण सारेच ‘ऑपेरा हाऊस’ म्हणतो; मात्र ज्या नाट्यगृहामुळे हे नाव पडले, ते माझ्या पिढीने बरीच वर्षे कुलूपबंदच पाहिले. अलीकडे तिथे प्रथमच मैफल ऐकली. आज दिसणारे सज्जे, बॉक्स (मोजक्या प्रेक्षकांसाठीचे स्वतंत्र कक्ष) आणि घुमट मूळचेच आहेत का?

जुनी_वास्तू:
काही मूळचे आहे, काही पुन्हा घडवलेले. नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या व्यवसायातले जहांगीर फ्रामजी कराका यांनी उभारलेल्या या बरोक (भरपूर नक्षीकाम असलेल्या युरोपीय) शैलीच्या नाट्यगृहाचे उद्घाटन १९११ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले, तेव्हा बांधकाम अपुरेच होते; ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. पुढे बोलपटांच्या जमान्यात नुसत्या ऑपेरा-नाटकांवर एवढा डोलारा चालेना, म्हणून १९३५ च्या सुमारास त्याचे पूर्णपणे चित्रपटगृह झाले आणि पडदा व वाढीव आसने यांच्या सोयीसाठी अंतर्भागात बरीच मोडतोड झाली. १९५२ मध्ये ते गोंडलच्या राजघराण्याकडे आले आणि १९९३ मध्ये बंद पडले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारात गेलेले बॉक्स पुन्हा उभे राहिले. याला ‘नूतनीकरण’ म्हणणे मला पटत नाही, कारण इथे नवे काही थाटण्यापेक्षा हरवलेले शोधण्यावर भर होता. २०१७ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. प्रवेशदालनातली भव्य झुंबरे मात्र जुनी, ससून या व्यापारी घराण्याकडून आलेली आहेत.

नाट्यरसिक:
वरील माहितीत एक भर घालतो. या रंगमंचावर बालगंधर्व गायले आणि पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सचे प्रयोगही इथे होत. म्हणजे नाव ऑपेराचे असले तरी ही वास्तू आपल्या रंगभूमीचीही आहे. कवी आणि नाटककारांना मानवंदना देणारा, आठ भागांत विभागलेला घुमट पुढच्या खेपेला आवर्जून मान वर करून पाहावा. ध्वनिवर्धक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचावा, या हिशेबाने इथले छत बांधलेले आहे.

गिरगावकर:
मनःपूर्वक आभार. छताविषयी वाचून उलगडा झाला. मी अगदी वरच्या सज्जात बसलो होतो. मैफलीपूर्वी तबलजी हातोडीने तबल्याचे लाकडी गट्ठे ठोकत तबला सुरात लावत होते आणि त्यातली प्रत्येक ठोक मला स्वच्छ ऐकू येत होती.