मदत हवी आहे: मामासाठी 'येस'ची एलपी, जुनी घ्यावी की नवी?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतला माझा मामा सत्तरीला आलाय, पण 'येस' या ब्रिटिश बँडचं वेड काही उतरत नाही. त्याला 'क्लोज टू द एज'ची (१९७२) एलपी द्यायची आहे. जुनी ब्रिटिश प्रत शोधू, की ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनने नव्याने मिक्स केलेली घेऊ? ती २०१८ च्या संचात आहे, पण बाकीचे चार अल्बमही सोबत घ्यावे लागतात आणि खिशाला चाट बसते.

जुनीची धास्ती वेगळीच. शीर्षकगीत अठरा मिनिटांहून मोठं, अख्खी एक बाजू व्यापणारं. सुरुवातीला पक्ष्यांचा आणि पाण्याचा आवाज हळूहळू वर येतो, तिथेच चरचर झाली तर मामा सुई उचलून ठेवतो! विक्रेते 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस, म्हणजे जुन्या तबकडीच्या अवस्थेचा दर्जा) लिहितात, त्यावर कितपत विसंबायचं? न वाजवता, नुसत्या फोटोवरून काय पारखायचं?

दुसरं म्हणजे कॉन्सर्ट. 'येस'चा बासवादक ख्रिस स्क्वायर २०१५ मध्ये आणि ड्रमर ॲलन व्हाइट २०२२ मध्ये गेले, तरी गिटारवादक स्टीव्ह हाउ 'येस' चालवतोय. बँडचा मूळ गायक जॉन अँडरसन मात्र 'बँड गीक्स' या दुसऱ्या बँडबरोबर तीच जुनी गाणी गातो. मामाच्या मते हाउची गिटार म्हणजेच 'येस'. मला विचाराल तर अँडरसनच्या गळ्याशिवाय मजा नाही. दोन्ही प्रत्यक्ष ऐकलेलं कुणी आहे का? तिकीट एकाचंच परवडणार आहे. वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.