मदत हवी आहे: २००४ च्या जिप्सीचे सस्पेन्शन घरीच सुधारायचे आहे

नमस्कार. इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्याकडे २००४ सालची मारुती जिप्सी आहे. वडिलांनी घेतलेल्या या गाडीचे इंजिन आजही निर्धोक चालते, परंतु सिमरोल सोडून भेरू घाटाकडे लागले की शेजारी बसलेल्या आईच्या पाठीत प्रत्येक खड्डा बसतो. मागच्या वेळी ओंकारेश्वराहून परतताना तिने चोरलला गाडी थांबवायला लावली आणि बराच वेळ ती दाराला धरून उभीच राहिली. तेव्हापासून हे काम मनावर घेतले आहे.

जिप्सीला चारही चाकांवर पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग आहेत (इथले मिस्त्री त्यांना कमानी म्हणतात) आणि पुढचा-मागचा दोन्ही अक्षल (दोन चाकांना जोडणारा दांडा) अखंड आहे, त्यामुळे ती मोटारीसारखी मऊ चालणार नाही, हे मला मान्य आहे. गाडीची उंची वाढवण्याचीही इच्छा नाही. नवी असताना ती जशी चालत होती तशी चालावी, एवढेच हवे आहे.

गेल्या रविवारी गाडी स्टँडवर घेऊन मागचे डावे चाक काढले. पाट्यांच्या फटींतून नारिंगी गंजाची भुकटी गळत होती आणि दोन पाटे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत होते. शॅकलमध्ये (पाट्याचे टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडणारी हलती कडी) पहार घालून दाबले तेव्हा बुशचे (सांध्यात बोल्टभोवती बसणारी रबरी नळी) रबर एका बाजूने निघून आलेले दिसले, बोल्टवरही खाच पडलेली होती. शॉकॲब्सॉर्बर सोडवून हाताने दाबला, तर निम्म्या अंतरापर्यंत काहीच विरोध जाणवला नाही आणि पुढे तो एकदम अडला.

एका मिस्त्रींनी प्रत्येक संचातून एक पाटा काढून टाकण्याचा सल्ला दिला. दुसऱ्यांनी पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवून देण्याची तयारी दाखवली, परंतु त्यासाठी चेसिसवर वेल्डिंग करावे लागेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले आहे. गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, तेव्हा हा मार्ग मी सोडून दिला आहे.

पाटा काढल्याने खरोखर आराम मिळतो का? बुश रबराचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे? आणि हे काम घरी करताना कोणत्या ठिकाणी हमखास चूक होते? अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आपण जे पाहिले आहे त्यावरून पाटा काढण्याची काहीही गरज दिसत नाही. एक पाटा कमी केला की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो, गाडी खाली बसते आणि खड्ड्यात अक्षल थेट बंपस्टॉपवर (चेसिसखालचा रबरी ठोकळा) आदळतो, म्हणजे आईंना होणारा त्रास वाढेलच. मुख्य, म्हणजे सर्वांत लांब पाट्याच्या लगतच्या दुसऱ्या पाट्याला तर हातही लावू नये, कारण मुख्य पाट्याला खरा आधार त्याचाच असतो.

गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, म्हणून संपूर्ण संच एकाच जाड पट्टीसारखा कडक होतो. संच उतरवून तारेच्या ब्रशने घासावा आणि पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावावे. मात्र ते रबरी बुशला लागू देऊ नये. सेंटर बोल्ट (सर्व पाटे मधोमध एकत्र धरणारा) काढण्यापूर्वी संच दोन मजबूत सी-क्लॅम्पमध्ये आवळून घ्यावा, नाहीतर पाटे जोराने उसळतात आणि बोटे जाऊ शकतात. पाट्यांचा बाक कमी झाला असेल, तर तो चांगल्या कारागिराकडूनच पूर्ववत करून घ्यावा.

आरामासाठी रबराचेच बुश घ्यावेत. पॉलियुरेथेन टिकाऊ असले तरी त्यातून धक्का अधिक जाणवतो. शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदलावेत. लांब शॅकल कोणी सुचवले तर नको म्हणावे, कारण पुढच्या बाजूला त्याने कॅस्टर (चाक सरळ ठेवणारा स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकू लागते.

घरी काम करताना गाडी चेसिसखालच्या स्टँडवर असावी आणि अक्षलला वेगळा जॅक द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. यू-बोल्ट (पाट्यांचा संच अक्षलला आवळणारे) आणि नट नवेच घ्यावेत, सेंटर बोल्टचे डोके अक्षलच्या भोकात नीट बसल्याची खात्री करावी आणि चारही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत. टॉर्कचा (नट किती जोराने आवळायचा याचा) आकडा या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावा.

हमखास चूक होते ती बुशच्या बोल्टांत. चाके हवेत लोंबकळत असताना ते पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते. आधी हलकेच आवळून गाडी चाकांवर उतरवावी, दोनचार वेळा दाबून बसू द्यावी आणि मगच शेवटचा ताण द्यावा. काही शे किलोमीटर चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासावेत. तोवर आज एवढे करावे: टायरमधील हवा थंड असताना मोजून गाडीवरील तक्त्याप्रमाणे करून घ्यावी. हलक्या गाडीत जास्त भरलेली हवा पाठीला फार जाणवते.