३६० च्या खाली बोलायचंच नाही का?

नागपुरी संत्रं:
परवा एका पोराने गेमिंग पीसीसाठी इंटेलचा १३९००के प्रोसेसर घेतोय, कूलर कुठला लावू असं विचारलं, तर एका महाशयांचं उत्तर, '३६० चा एआयओच घे, एअर कूलर म्हणजे गरिबाचं सोंग.' (एआयओ म्हणजे पंप, नळ्या, रेडिएटर जोडूनच येणारा पाण्याचा कूलर, ३६० म्हणजे ३६० मिमीचा रेडिएटर.) तिथेच लिहिणार होतो पण लांबलं म्हणून वेगळा धागा. अहो, पाणी उष्णता गिळत नाही, नुसती रेडिएटरपर्यंत नेऊन सोडतं, पुढे तोच पंखा आणि तीच खोलीतली हवा. मे महिन्यात माझ्या खोलीत दुपारी चाळीस असतं, पाणी त्याच्या खाली जाणार आहे का? आणि प्रोसेसरने फुल लोडला २५३ वॉट ओतले की ते शेवटी तुमच्याच अंगावर येतात. नॉक्टुआचा डी१५ हा एअर कूलर २०१४ सालचा, त्यात बिघडणार काय तर पंखा. नवा आणा, तारेच्या क्लिपने अडकवा, झालं. एआयओचा पंप गेला की अख्खं धूड भंगारात.

पंपवाला_पुणे:
ते महाशय मीच. खोली चाळीसवर आहे म्हणूनच तर पाणी लागतं राव! फुल लोडला २५३ वॉट चालू असताना तुमच्या टॉवरवर, म्हणजे उभ्या एअर कूलरवर, प्रोसेसर १०० डिग्रीला टेकतो आणि क्लॉक (वेग) पाडतो, मग ओव्हरक्लॉक करून वेग वाढवला कशाला? ३६० ला पत्र्याचं क्षेत्रफळ किती ते तरी बघा. शिवाय तो सव्वा किलोचा ठोकळा बोर्डाला लटकवून एसटीने साताऱ्याला जाऊन दाखवा.

नागपुरी संत्रं:
पीसी घेऊन एसटीने कोण जातं? माझ्या चुलतभावाचा पंप ऐन सबमिशनच्या आठवड्यात गेला. आधी खरखर, मग विंडोज उघडेपर्यंत नव्वदच्या वर. दुकानदार म्हणे पार्सल तुमच्या खर्चाने पाठवा. तोवर पीसी बंद, पोरगं सायबर कॅफेत.

जुना_गडी:
दोघंही कशाला भांडताय, ओव्हरक्लॉकिंग उरलंय कुठे? २०११ ला इंटेलचा २५००के आला तेव्हा साध्या टॉवरवर ४.५ गिगाहर्ट्झ सहज निघायचं, कारण चिप आणि तिच्यावरच्या धातूच्या झाकणामध्ये सोल्डर होतं. २०१२ ला आयव्ही ब्रिज या पुढच्या पिढीत तिथे पेस्ट भरली आणि तापमान गेलं वर. मग आम्ही दाढीच्या ब्लेडने झाकणं काढली. कोपऱ्यातून पातं घालायचं, काळा गोंद रबरासारखा ताणला जातो, अर्धा मिलिमीटर जास्त आत गेलं की हिरव्या पाटीवरची रेघ तुटलीच. पण जमलं तर पंधरा-वीस डिग्री खाली. आता कंपनीच चिप ताणून विकते. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या चिपा कशा क्रॅश व्हायला लागल्या ते २०२४ ला पाहिलंत ना, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडचा (चिपच्या आतल्या सूचनांचा) अपडेट आणि वर दोन वर्षं जादा वॉरंटी.

लॅमिंग्टन_रिटर्न:
वा, म्हणजे तुम्हीच ते! तुमच्यासारख्या ब्लेडबहाद्दरांनी खरवडलेला ३७७०के (आयव्ही ब्रिजचाच) मी सेकंडहँड घेतला, झाकण परत चिकटवलेलं, रॅमचं एक चॅनेल मेलेलं. विकणारा म्हणे 'बोर्ड बदलून बघा'. मी बदलला पण!!

जुना_गडी:
झाकणाच्या कडेला नवा गोंद दिसत नाही का? न बघता घेता आणि दोष आम्हाला.

लॅमिंग्टन_रिटर्न:
ट्रेमध्ये, पेस्टने माखलेला, दुकानात लाईट नाही. बघणार काय, कपाळ?

सोल्डर_ताई:
पुरुषांनो, झाकणाखाली सोल्डर कधीच परत आलंय. आता अडचण वेगळी आहे, चिप एवढीशी झालीय की उष्णता झाकणापर्यंत पोचतानाच अडते, वर पाणी असो की हवा. एएमडीचा रायझन ७९५०एक्स तर मुळात ९५ डिग्रीपर्यंत पळायलाच बनवलाय. मी कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (चिपचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग) उणे वीस दिलं आणि साडेतीन-चार हजारांचा दोन पंख्यांचा टॉवर लावला. फॅन्सी दिवे नाहीत, काचेआड दाखवायला काही नाही, हे मात्र खरं.

पंपवाला_पुणे:
ताई, तुमची चिप चांगली निघाली म्हणून सगळ्यांची निघेल? उणे वीसला माझी रेंडर अर्ध्यावर सोडून रीबूट होते. आणि दिव्यांवर बोलायचं काम नाही.

नागपुरी संत्रं:
बरं बाबा, सलग तासभर रेंडर मारणाऱ्याला ३६० परवडतं, घ्या, जिंकलात. पण ते पोरगं गेम खेळणार होतं, आणि गेममध्ये तो प्रोसेसर २५३ च्या आसपासही फिरकत नाही. त्याला कशाला घाबरवलंत?

पंपवाला_पुणे:
त्याने कालच ऑर्डर केला. पांढरा, ३६०. कॅबिनेटच्या छताला बसत नाहीये म्हणून आत्ता मेसेज आलाय, कुणाला माप माहीत असेल तर सांगा.