बहिणीसोबत बघायला खमक्या बायकांचं अ‍ॅनिमे सांगा रे

जुळेसोलापूरकर:
बहिणीची दहावी झाली, आता सुट्टीत मी जे बघतो तेच तिलापण बघायचंय. अटॅक ऑन टायटन या जपानी अ‍ॅनिमेशन सिरीजपासून सुरुवात केली, त्यातली लढणारी मिकासा तिला जाम आवडली, पण पहिला सीझन संपल्यावर म्हणाली, दादा हिला त्या हिरो एरनशिवाय स्वतःचं काही हवंय की नाही? मला उत्तरच देता आलं नाही. आणि खरंय ना, कितीतरी सिरीजमध्ये पोरगी एंट्रीलाच चार जणांना आडवं करते आणि सीझन संपेस्तोवर हिरो कधी येऊन सोडवतोय म्हणून बसून राहते. मला अशा पाहिजेत ज्यांचं स्वतःचं काम आहे, स्वतःचं डोकं आहे. फायटिंग नसली तरी चालेल. फार रक्तबिक्त नको, हॉलमध्ये आईपण असते.

विजापूररोड_ओटाकू:
दुसरं काही बघूच नको, मोरिबिटो लाव. २००७ ची आहे, २६ एपिसोड. बाल्सा नावाची बाई, वय ३०, भाला चालवते आणि पोटासाठी बॉडीगार्डचं काम करते. तीस वर्षांची बाई मेन रोलमध्ये, हेच अ‍ॅनिमेत किती कमी सापडतं बघ. राजपुत्राच्या अंगात पाण्याच्या आत्म्याचं अंडं आहे म्हणून बापच त्याला मारायला निघालाय, आणि राणी पोराला हिच्या हवाली करते. लहानपणी हिला वाचवताना हिला सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून आठ जीव गेलेत, म्हणून हिनं आठ जीव वाचवायचं ठरवलंय आणि ती कुणाला जिवे मारत नाही. राजाचे शिकारी मागं लागतात ती फाइट बघ, न मारता लढायला किती जास्त ताकद लागते ते तिथं कळतं. मधले बरेच एपिसोड तर ती पाणचक्कीत बिऱ्हाड करून त्या पोराला साधं जगणं शिकवतेय, काहींना ते स्लो वाटतं पण मला तेच सगळ्यात भारी वाटतं. मूळ कादंबरी नाहोको उएहाशी या बाईंची, त्यांना २०१४ ला बालसाहित्याचं हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक मिळालंय.

सातरस्ता:
फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहूड, ६४ एपिसोड. हिरो दोघं भाऊ आहेत म्हणून या विषयात कुणी तिचं नाव घेत नाही, पण विन्री बघ, लोखंडी हातपाय बनवणारी मेकॅनिक, ती नसती तर त्या भावांतला एडवर्ड लंगडतच राहिला असता. ऑलिव्हियर बर्फातला अख्खा किल्ला सांभाळते. इझुमी भल्याभल्यांना लोळवते आणि कोण तू विचारलं की सांगते, गृहिणी. लिहिणारी हिरोमु अराकावा होक्काइदोच्या दूधवाल्या शेतकरी घरातली, घरच्या शेतात राबलेली. मला वाटतं म्हणूनच तिच्या बायका कामाचं कौतुक करून घेत नाहीत, कामाला लागतात. फक्त चौथा एपिसोड आईसमोर लावू नको बे, लय त्रास होतो.

कुंभारीची_पोर:
अपॉथेकरी डायरीज. आमच्या घरी आई विड्या वळते. सूप मांडीवर, नजर पानावर, हजार झाल्याशिवाय उठत नाही, मग तिला सबटायटल कुठून वाचायला जमणार, मीच वाचून मराठीत सांगते. माओमाओ औषधवाल्याची पोरगी, पळवून राजवाड्यात विकलेली, पुढं तिला विष चाखायचं काम मिळतं. तिथं राण्यांची बाळं आजारी पडतायत आणि सगळे म्हणतात शाप आहे, ही एकटी ओळखते की तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीत विष आहे. तो एपिसोड लागला तेव्हा आईचा हात थांबला. म्हणाली, आमच्या तंबाखूच्या धुराळ्याचं पण असं कुणीतरी वेळेत सांगायला पाहिजे होतं. ती रोज रात्री खोकते. तेव्हापासून तिला माओमाओ सोडून दुसरं काही नको असतं, २४ एपिसोड संपले तर पुढचं कधी म्हणून रोज विचारायची, २०२५ ला दुसरा सीझन आला तेव्हा कुठं शांत झाली. हिच्याकडं तलवार नाही, फक्त माहिती आहे आणि ती खरं बोलायला घाबरत नाही.

पार्कचौक_९९:
बाकी सगळं मान्य, पण मिकासाला असं अर्ध्यात सोडू नका. बहिणीचा प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि सिरीजलापण तो माहीत आहे. शेवट २०२३ च्या नोव्हेंबरात आला, तिथपर्यंत बघू दे तिला, मग बोला. जास्त सांगत नाही.

जुळेसोलापूरकर:
मोरिबिटोचे पाच झाले. आई आत भाकऱ्या थापत होती, राणी पोराला निरोप देते तेव्हा पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. आता रोज जेवणं उरकली की तीच विचारते, लावताय का. टायटन पूर्ण करायचं बहिणीनं कबूल केलंय पण बाल्सा आधी. कुंभारीच्या ताई, तुमची मराठीत वाचून सांगायची पद्धत आम्ही पण सुरू केली, बहीण वाचते, मधेच अडली की मी सांगतो. औषधवाली पुढच्या आठवड्यात. आईला डॉक्टरकडं दाखवलं का?