एक्सलचं ऑइल सील गळलं, किती खर्च आला? (अनुभव धागा)

कृष्णाकाठ
काल खंबाटकीच्या चढाला पुढं एक दहाचाकी रेंगाळत चालली होती. काच खाली होती आणि तो वास आला. जळक्या क्राऊन ऑइलचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरचं तेल), गंधकाचा उग्र वास. ज्यांच्या घरी गाडी होती त्यांना वेगळं सांगायला नको. मागच्या डाव्या चाकाच्या डिशवर हबपासून (चाकाच्या मधल्या भागापासून) टायरपर्यंत काळे ओघळ, त्यावर धूळ बसून लेप झालेला.

आमच्या आप्पांची गाडी उसाला असायची, वाळव्याच्या पट्ट्यात. हंगामात सील (एक्सलचं तेल चाकाकडं गळू न देणारी रबरी रिंग) गेलं की घरात दोनच प्रश्न: गाडी किती दिवस उभी राहणार, आणि ब्रेकच्या लायनरला (ड्रमला घासून चाक थांबवणारी पट्टी) तेल लागलंय का? सील केवढ्याचं हे कुणी विचारायचं नाही. आता भावानं गाडी घेतलीय. तिचंही मागचं एक चाक गळतंय. एका वर्कशॉपनं अंदाज दिला २२ हजार, नाक्यावरचा मिस्त्री म्हणतो अडीच हजारात करतो. एवढी तफावत कशी? तुमचे किती गेले, कशाकशाचे गेले, पुन्हा गळलं का, लिहा. भावाला वाचून दाखवायचंय.

शिरोली_नाका
ताई, अडीचवाला नुसतं सील बदलणार. बावीसवाला बेअरिंग, लायनर, ड्रम टर्निंग (ब्रेकचा ड्रम आतनं लेथवर घासणं) सगळं धरून सांगतोय. खरं काम दोघांच्या मधी असतंय. माझं गेल्या हंगामातलं बिल गाडीत हाय, बघून लिवतो.

नागपूरी_संत्रा
ब्रीदर, म्हणजे एक्सलच्या हाऊसिंगमधली (बाहेरच्या खोळीतली) हवा जायची वाट, पाहिला काय पहिले? आमच्या गाडीचं सील बदललं का महिन्याभरात परत तेल. परत सील, परत तेल. मिस्त्री म्हणे माल डुप्लिकेट आहे. मंग वाडीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं हाऊसिंगवरचा ब्रीदर खोलला तर आत माती घट्ट बसलेली. कापसाच्या वावरात गाडी फसली होती तवाची. हाऊसिंग तापलं का आतली हवा फुगते, तिले वाट भेटत नाही, मंग ते तेलच सिलातून बाहेर ढकलते. रॉकेलनं धुतला, तार फिरवली, बसवला. त्याचे पैसे त्यानं घेतलेच नाही. पण तोवर सिलाचे अन् मजुरीचे किती गेले होते बाप्पा.

कळंबोलीकर
+१ ब्रीदर. आणि तेल जास्त भरलं तरी हेच होतं. गाडी सपाट जागेवर उभी करून लेव्हल प्लग (तेलाची पातळी बघायचं बूच) खोलायचा, तेल भोकाच्या काठाला आलं की बस. काही जण "थोडं जास्त असू दे" म्हणून ओततात.

मालकीणबाई
पोळ्या लाटता लाटता लिहितेय, चुका पोटात घाला. आमचे हे लासलगावहून कांदा भरून इंदूरकडे निघाले होते. धुळ्याच्या पुढे रात्री चाकातून धूर. मिस्त्री मोटारसायकलवर आला. एका चाकाचे साडेसहा हजार घेतले, त्यात सील किती नि मजुरी किती काही कळलं नाही. भरलेली गाडी जॅकवर घ्यायची म्हणजे तो तरी काय कमी घेणार? पण खरा फटका वेगळाच. माल उशिरा पोचला, खालच्या गोण्या ओलसर झाल्या होत्या, व्यापाऱ्यानं भाड्यातून नऊ हजार कापले. त्यामुळे सीलचा खर्च किती विचाराल तर मी साडेपंधरा हजार सांगते.

कळंबोलीकर
वहिनी, साहेब सुखरूप आले ना? धूर निघाला म्हणजे लायनर पेटायच्या बेतात होतं. त्यांनी वेळेवर गाडी थांबवली हे फार बरं केलं.

मालकीणबाई
हो भाऊ, सुखरूप. आता रोज हबला हात लावून बघतात आणि मला फोनवर सांगतात "गार आहे".

देवरूखचा_दाद्या
माझ्या पिकअपच्या मागच्या चाकातून पण काहीतरी गळतंय. हेच का?

कळंबोलीकर
बोट लावून बघा. जाड, चिकट आणि उग्र वास असेल तर क्राऊन ऑइल. पातळ असेल, रंगाला लागून रंग फुगत असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर (चाकातला, तेलाच्या दाबानं ब्रेक लावणारा भाग) गेलाय. तो लगेच करा, चालवू नका. मोठ्या गाड्यांना हवेचे ब्रेक, तिथे हा घोळ नसतो.

देवरूखचा_दाद्या
जाड आहे. वास पण येतोय. धन्यवाद.

कळंबोलीकर
मग सीलच. छोट्या गाडीत बऱ्याचदा बेअरिंग एक्सलवरच दाबून बसवलेलं असतं. ते काढायला प्रेस लागतो. छिन्नी-हातोड्यानं काढणाऱ्याकडे देऊ नका, एक्सलला ओरखडा पडला की नवं सीलही टिकत नाही.

शिरोली_नाका
घावलं बिल. दहाचाकी, मागचा एक्सल, गळती एका बाजूला.
सील दोन्ही बाजूची ९००. सील ज्या स्लीव्हवर फिरतं तिला खाच पडलेली, ती नवी ६५०. आतलं बेअरिंग २४००. लायनर दोन्ही चाकांचे, रिबीट मारून ३८००. क्राऊन ऑइल ५ लिटर १९००. हबचं ग्रीस ३५०. मजुरी २५००. झालं १२,५००.
आता ताई, ह्यातलं सील ४५० चं एक. बाकीचं सगळं त्या तेलानं नासवलेलं, न्हाईतर ज्यामुळं सील गेलं ते. बेअरिंगला खेळ (ढिलेपणा) असला की हब डोलतंय, हब डोललं की सीलची कड एका अंगानं घासतीया. नुसतं सील बदलणं म्हंजे पैसं पाण्यात. आणि लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवू देऊ नका. वरनं कोरडं दिसतंय, पण तापलं की आतलं तेल परत वर येतंय.

घाटवाट
हे लायनरचं फार महत्त्वाचं आहे. आता गाडी चालवत नाही, वय झालं, पण रत्नागिरी-कोल्हापूर बरीच वर्षं केली. एकदा आंबा घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. म्हणजे डाव्या बाजूचं चाक धरतच नव्हतं. डावीकडं डोंगर, उजवीकडं दरी. आधीपासून खालच्या गिअरला होतो म्हणून वेग ताब्यात राहिला. ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा थोडा, असं करत साखरप्याला आलो. चाक खोललं तर ड्रमच्या आत तेल साचलेलं आणि लायनर काळे चकाकत होते. दुसऱ्या बाजूचे चांगले होते, तरी मालकांना सांगून दोन्हीकडचे बदलून घेतले. एकीकडं नवे, एकीकडं जुने ठेवले तरी गाडी ओढतेच.

मालक भला माणूस होता, खर्चाला एका शब्दानं बोलला नाही. असे मालक असले की ड्रायव्हर बिघाड लपवत नाही. तुमच्या भावाला हे जरूर सांगा.

कृष्णाकाठ
काका, अंगावर काटा आला. सांगते त्याला.

कोकणकन्या७
साखरपा माझं आजोळ! काका कोणत्या सालातलं? तेव्हा स्टँडजवळ भजीवाला होता, आठवतो का?

घाटवाट
भजी आणि काळा चहा. गाडी खोललेली असताना तिथंच बसलो होतो. बाईंनी पैसे घेतले नाहीत.

कोकणकन्या७
ती माझी मावशी असायची! बसायची तिथे. आज तिला फोन करून सांगते.

फिटरभाऊ
लंच टाइममध्ये लिहितोय. मी वर्कशॉपमध्येच आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्याकडे महाग पडतं कारण गेलेलं सील बदलून दिलं आणि गाडी पंधरा दिवसांत परत आली तर आम्हाला फुकट करावं लागतं. म्हणून बेअरिंग संशयास्पद असलं तरी यादीत घालतात. तुम्ही म्हणू शकता की आधी खोला, मला दाखवा, मग ठरवू. चांगला सुपरवायझर नाही म्हणत नाही. जुना माल परत मागा.
अंदाज कधीचा आहे तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ होता.
नव्या गाडीत हबला एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) रिंग असते, सेन्सर असतो. हब ओढताना ती वाकली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि मग वेगळा खर्च. मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा.
सील बसवताना कडेला तेल लावलंच पाहिजे, कोरडं बसवलं तर पहिल्या फेरीतच जळतं. आणि सरळ, चहूबाजूंनी सारखं ठोकून. एका बाजूला हातोडी मारून तिरकं बसवलेलं सील मी रोज बघतो.

नागपूरी_संत्रा
फिटरभाऊ, जाम कामाचं लिहिलं. माझ्या ड्रायव्हरले पाठवलं.

मालकीणबाई
कुणाला नाशिक-इंदूर लाइनसाठी दुसरा ड्रायव्हर माहीत आहे का? ह्यांना आता सलग रात्री नकोत. विचारून ठेवा प्लीज.

शिरोली_नाका
वैनी, माझ्या मेहुण्याचा मित्र हाय, सिन्नरचा. व्यसन न्हाई. निरोप टाका, नंबर देतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. भावानं संध्याकाळी चाक उचलून हलवून बघितलं, खेळ आहे. ब्रीदर साफच होता. म्हणजे बेअरिंग. नाक्यावरच्याच मिस्त्रीला सांगितलंय, पण सील, स्लीव्ह, बेअरिंग आणि दोन्हीकडचे लायनर असं सगळं. साडेअकरा हजार ठरलेत, तेल आपलं.

शिरोली_नाका
बेस. स्लीव्हवरनं नख फिरवून बघायला सांगा, नख अडकलं तर बदलायचीच. सील घेताना जुनं दुकानात घेऊन जा, आतला-बाहेरचा माप आणि जाडी जुळवून. नुसतं गाडीचं मॉडेल सांगून दुसरंच गळ्यात मारत्यात.

देवरूखचा_दाद्या
पिकअप दुरुस्तीला दिली. २२०० सांगितले, प्रेस आहे त्याच्याकडे. हबात ग्रीस कुठलंही चालतं का पण?

फिटरभाऊ
नाही. बेअरिंगसाठीचं लिथियम ग्रीस. चेसिसला मारतो ते हबात भरू देऊ नका. आणि तुमच्या गाडीचं बेअरिंग कसलं आहे ते आधी विचारा, सीलबंद असेल तर ग्रीस लागतच नाही.