बंड्याचा टाय (फॅमिली ग्रुप)

मोठी आत्या: बंड्या तुझं स्टेटस बघितलं, टाय अर्धा कापलेला नि गालावर लिपस्टिक, काय चाललंय कोलोनमध्ये? आम्ही समजतोय पोरगं एमएस करतंय

बंड्या: अगं आत्या इथे कार्निव्हल आहे, आजचा गुरुवार बायकांचा, सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतं मग त्या कात्री घेऊन फिरतात, दिसेल त्याचा टाय कापतात आणि वर गालावर एक पापी. रीतच आहे, सगळ्यांचे कापतात

छोटे काका: तो टाय माझ्या लग्नातला होता

ताई: हाहाहा काका!! पण बंड्या एरवी तू टायला हात लावत नाहीस, आजच बरा घातलास. म्हणजे कापून घ्यायचाच होता. आणि कात्री जिच्या हातात आहे ती ती टँडमवाली ना

मोठी आत्या: टँडम काय आता

बंड्या: भाषेची पार्टनर गं. ती मला जर्मन शिकवते, मी तिला मराठी. तिला सप्टेंबरपासून पुण्यात इंटर्नशिप आहे, जर्मन कंपनी

दादा (फ्रँकफर्ट): मी सांगतो, मी जाऊन आलोय. तिथे बियरचे ग्लास एवढुसे, २०० मिलीचे, आणि संपला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो, नको असेल तर ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. तर हिने स्वतःच्या ग्लासवर ठेवली आणि हात लांब करून याच्याही ग्लासवर ठेवली, आणि हा गपचूप बसला. आपल्या घरात याला एवढ्यात थांबवून दाखवा कोणी

मोठी आत्या: बियर????

बंड्या: दादा तू मेलास

दादा (फ्रँकफर्ट): आत्या लगेच पत्रिका काढू नकोस. नुसती थट्टामस्करी चालते, दोघांना सगळं कळतं आणि बोलत कोणीच नाही. तिथल्या रेल्वे पुलावर जोडपी नावं लिहून कुलपं लावतात, हजारो आहेत, हे दोघं रोज तिथून चालत जातात आणि दुसऱ्यांच्या कुलपांना हसतात

ताई: आईगं. मग विचार ना बाबा तिला

बंड्या: विचारून काय, ती सप्टेंबरमध्ये पुण्यात आणि मी इथे थिसिस करत. चाललंय ते बरंय

आई: पुण्यात कुठे राहणारे ती? आपली मागची खोली रिकामीच आहे, डबा पण होईल, तिखट चालतं का विचारून ठेव

बंड्या: आई प्लीज, तिला मीच अजून काही बोललो नाहीये